तिथीची पाऊणपट

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरात येशूच्या तसबिरीखाली मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. घरात कोणी चतुर्थी-एकादशी करत नव्हतं, तरी आजची तिथी कोणती हे सगळ्यांना ठाऊक असे. शेजारच्या जोशीकाकू पुण्याच्या. त्या स्वयंपाकात हात अडकलेले असताना दारातूनच विचारत, "रीटा, संकष्टी उद्या की परवा गं?" आणि मी भिंतीकडे न बघता सांगत असे. "ख्रिश्चनांच्या घरी विचारून उपास धरते, हे सासूबाईंना कळलं तर..." असं म्हणून काकू हसत. वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही. आमचं तिथीशी नातं देवाचं नव्हतं, पाण्याचं होतं. पप्पा वसईच्या कोळीवाड्यात वाढलेले. तिकडे होडी कधी बाहेर काढायची आणि कधी आत घ्यायची हे तिथीवर ठरे. हिशेब साधा होता. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आसपास. पप्पांना हा हिशेब कोणी मुद्दाम शिकवला नव्हता. डावा-उजवा हात कळतो तसा तो त्यांना कळत होता. करामाच्या तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत नसे. तरी संध्याकाळी चहा पिताना ते म्हणत, "आता पाणी भरलं असेल." कुठलं पाणी, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पप्पांचं नाव इनास. ते प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि समुद्रातल्या जीवांवर पुढे शिकणार होते. तेवढ्यात मामाच्या ओळखीने जहाजावर जागा निघाली आणि पदवीचा कागद ट्रंकेत गेला. आधी खलाशी, मग जहाजावरचे सुतार, अशी त्यांची बरीच वर्षं पाण्यावर गेली. लग्न झालं तेव्हा मम्मीने काही अट घातली नाही. मी झाल्यावर घातली. मग ते अजमानच्या खाडीवर, श्रीमंतांच्या हौसेच्या बोटी बांधणाऱ्या एका कारखान्यात लागले. कंपनीची व्हॅन त्यांना पहाटे घेऊन जाई. परत येत तेव्हा कपड्यांना रेझिनचा उग्र वास असे आणि कोपराच्या आतल्या बाजूला काचतंतूंची खाज. मम्मी त्यांचे कपडे वेगळे धुई. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत सुपरवायझर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी मोजून आल्यावर घरी ती कुठलीही गोष्ट मोजायला तयार नसे, मीठसुद्धा हाताने. शुक्रवारी, तिथल्या सुटीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्सा झाली की आम्ही देऱ्याच्या मासळी बाजारात जात असू. पप्पा माशाचे कल्ले उघडून बघत आणि मलबारी मासेवाल्याशी हिंदीत हुज्जत घालत. वर्षातून एकदा वसईहून बाटली मसाला येई. तो आमच्याकडे बिअरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायची रीत आहे. एका वर्षी विमानतळावर कस्टमच्या माणसाने बाटली पाहून मम्मीला थांबवलं, बूच काढून हुंगलं, चार शिंका दिल्या आणि डोळे पुसत म्हणाला, "खलास, यल्ला, यल्ला." झालं, चला निघा. त्या मसाल्यातलं सुक्या बोंबलाचं कालवण शिजू लागलं की जोशीकाकू खिडक्या लावून घेत. जोशीकाका मात्र गॅलरीत येऊन उभे राहत.

मी शाळेत असताना दुबईत आलेल्या त्या मंदीवर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातला काही मजकूर मीही संपादित केला आहे. आमच्या घरी ती आली ती अशी, की एके दिवशी पप्पांना नेणारी व्हॅन आलीच नाही. ते टॅक्सीने अजमानला गेले. फाटकाला कुलूप होतं. आत एक मोठी बोट अर्धवट उभी होती. तिच्या मालकाने फोन उचलणं बंद केलं होतं आणि कारखान्याच्या मालकाचाही आता बंद होता. दुसऱ्या आठवड्यात वॉचमनने आत सोडलं, तेव्हा पप्पांनी आपली हत्यारं आणली. रंधा, पटाश्या, कानशी, लाकडी मोगरा. फोरमनने 'कोण विचारतंय आता' म्हणून प्लायवूडचे चार तुकडेही गाडीवर टाकून दिले. महिन्याभरात आम्ही करामा सोडून शहराबाहेरच्या, स्वस्त भाड्याच्या इंटरनॅशनल सिटीत गेलो. जोशीकाकांचा पगार निम्म्यावर आला होता, म्हणून दोन्ही कुटुंबांनी मिळून एकच फ्लॅट घेतला. एक बेडरूम त्यांची, एक आमची, स्वयंपाकघर दोघांचं. कालवण आता काकूंच्याच खिडकीखाली शिजू लागलं. "इनासराव, एवढ्या वर्षांत मी बाटलो नाही, ते या मंदीने बाटवलं," असं म्हणत जोशीकाका ताट पुढे करत, आणि काकू दुसऱ्या शेगडीवर मुगाची खिचडी ढवळत भिंतीकडे तोंड करून बसत.

खरा प्रश्न व्हिसाचा होता. मम्मी आणि मी पप्पांच्या व्हिसावर होतो. हॉटेलने मम्मीला आठवड्यातले निम्मे दिवस घरी बसवलं होतं. पप्पांना नवा मालक मिळाला नाही तर तिघांनाही परत जावं लागणार होतं, आणि वसईत त्या वेळी आमच्यासाठी काही मांडून ठेवलेलं नव्हतं. अशात माझ्या शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी पालकसभेत विचारलं, की कुणाला मुलांना काही वेगळं शिकवता येईल का. शाळेतून रोज एखादं मूल दाखला घेऊन गावी जात होतं. उरलेल्यांना धरून ठेवायला काहीतरी दाखवण्यासारखं हवं होतं. मॅडम पालक्काडच्या. सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि बोलणं असं की समोरचा आपोआप सरळ बसे. पप्पा उभे राहिले. ते काय बोलले ते मला नीट आठवत नाही, कारण मी मान खाली घालून बुटाची लेस सोडत होते. पण ट्रंकेतली पदवी बाहेर आली. आठवी-नववीसाठी 'मरीन सायन्स' सुरू झालं आणि पप्पांना व्हिसा मिळाला. त्यावर हुद्दा 'लॅब असिस्टंट' होता आणि मुदत प्रोबेशनची. वर्षअखेरीस विषय चालू राहिला तर पप्पा राहणार, नाहीतर विषयाबरोबर तेही जाणार. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं.

स्वतःच्या बापाच्या वर्गात बसणं हा काय प्रकार असतो, हे ज्याने भोगलं त्यालाच कळेल. मी त्यांना 'सर' म्हणायचं ठरलं होतं. त्यांचं इंग्रजी जहाजावरचं होतं. क्रियापदं आज्ञार्थी आणि आवाज वाऱ्यावर ऐकू जाईल असा. "सिट! ओपन द फिश!" म्हणाले की पोरं खिदळत. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाजारातून आणलेलं, शाई सोडणारं म्हाकूल टेबलावर उघडून शाईची पिशवी काढली, तिच्यात काडी बुडवून फळ्यावर तारीख लिहिली, आणि खिदळणं थांबलं. मग होडी आली. पप्पा म्हणाले, समुद्राचा अभ्यास करायचा तर समुद्रात जायला हवं, आणि जायचं तर स्वतःच्या होडीतून. शाळेच्या पार्किंगमधल्या एका शेडखाली काम सुरू झालं. सांगाडा न घालता बांधायची ही पद्धत अशी, की प्लायवूडचे तक्ते आधी कागदी नमुन्यावरून कापायचे, कडेला भोकं पाडायची, तांब्याच्या तारेने ते एकमेकांना शिवायचे आणि मग शिवणीवर आतून-बाहेरून रेझिनची पट्टी चढवायची. पप्पांनी नमुने घरी जमिनीवर पसरले तेव्हा जोशीकाकू बघत राहिल्या. "अहो, हे तर कटोरी ब्लाउजसारखं आहे," त्या म्हणाल्या. "इथे टक्स घाला, नाहीतर पुढून फुगा येईल." पप्पांनी तिथे खरंच टक्स घातला.

वर्गातली मुलं कमी होत गेली. तार ओवणारा गेला की त्याची जागा दुसरा घेई. रिझल्टची वाट न बघता लोक निघत होते. फैझान नावाचा हैदराबादचा मुलगा माझा शिवणीवरचा जोडीदार होता. मी आतून पक्कड धरायची, त्याने बाहेरून पीळ द्यायचा. त्याचे वडील सिव्हिल इंजिनियर, टॉवर थांबला तसे घरी बसलेले. "माय डॅड सेज टू मोर मंथ्स," असं तो एकदा पीळ देता देता म्हणाला. आमचंही तेच होतं. मी पुढच्या भोकात तार ओवली.

होडी पाण्यात सोडायचा दिवस मॅडमनी मोठा करायचं ठरवलं. शाळेचा बॅनर, पालकांना निमंत्रण, शाळेच्या माणसाने धावपळ करून काढलेली परवानगी. जागा उम्म अल क्वैनच्या खाडीत. तिथे आत उथळ पाणी आणि तिवरांची बेटं आहेत, मुलांना धोका नाही. दिवस पप्पांनी निवडला. शनिवार, पौर्णिमा. कॅलेंडर त्यांनी खाली उतरवून पाहिलंही नाही. "पुनवेचं उधाण, बाराला पाणी," एवढंच म्हणाले. बंदराचं भरतीचं छापील कोष्टक मिळत होतं. ते बघावं असं त्यांच्या मनात आलं नाही. आपली स्वतःची गल्ली कोणी नकाशात शोधत नाही. जहाजावर ते काम अधिकाऱ्यांचं होतं आणि कारखान्यात बोटी क्रेनने पाण्यात जात. म्हणजे वसई सोडल्यापासून भरतीची वेळ सांगायची गरज त्यांना पडलीच नव्हती. हे सगळं नंतर जोडून पाहिलेलं. त्या दिवशी आम्हाला कोणालाच शंका नव्हती.

पालक घडीच्या खुर्च्या आणि डबे घेऊन आले. काही आयांनी मुलींना लांब बाह्यांचे कपडे घालून वर छत्र्या दिल्या होत्या, रंग जाईल म्हणून. होडी वाळूवर नाक पाण्याकडे करून ठेवली. पप्पांनी टाचेने तिच्यापुढे रेघ ओढली आणि मोठ्याने सांगितलं, की बाराला पाणी या रेघेवर येईल. मुलांनी रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा धरल्या. बारा वाजता पाणी अजून बरंच लांब होतं, येत होतं पण सवडीने. लोकांनी डबे उघडले. एक वाजून गेला. दीडच्या पुढे कधीतरी ते थांबलं, रेघेपासून इतकं लांब की मधल्या ओल्या वाळूत खेकडे फिरत होते. मग मागे सरायला लागलं. कुणीतरी म्हणालं, उचलून नेऊ या. पप्पांनी पुढे जाऊन पाय घातला, तो गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. मुलांना तिथे नेणं शक्य नव्हतं.

"बट सर," फैझान म्हणाला, "यू सेड नून."

सगळे पप्पांकडे बघत होते. मॅडम खुर्चीवरून उठल्या होत्या. जोशीकाका पप्पांच्या खांद्याशी आले आणि मराठीत हळूच म्हणाले, "इनासराव, शमाल आहे म्हणून सांगा. वाऱ्याने पाणी मागे ढकललं. इथे कुणाला कळतंय?"

"वारा कुठाय, जोशी?" पप्पा म्हणाले. बॅनर सरळ खाली लोंबत होता.

मग ते त्यांच्या त्या जहाजी इंग्रजीत म्हणाले, की पाणी चुकलेलं नाही, मी चुकलो. मी तुम्हाला माझ्या गावाची भरती सांगितली. इथली मला माहीत नाही.

छत्र्यांखाली कुजबुज झाली. एक बाई दुसरीला म्हणाल्या, "आणि हे आमच्या पोरांना समुद्र शिकवणार!" हिंदीत, ऐकू जाईल अशा बेताने. मॅडमनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "मिस्टर इनास, तुम्ही किती वर्षं समुद्रावर होतात?"

"पुष्कळ, मॅडम."

"आणि तुम्हाला भरती माहीत नाही?"

"समुद्रावर ती जाणवत नाही, मॅडम. पाणी जहाजासकट वर जातं, जहाजासकट खाली येतं. ती किनाऱ्यावर कळते. आणि मी किनाऱ्यावर फक्त वसईतच राहिलो."

मॅडमनी त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायाकडे पाहिलं. "रविवारी ऑफिसात या," एवढं म्हणून त्या बसकडे गेल्या.

परतीच्या वाटेवर आम्ही जोशीकाकांच्या गाडीत होतो. शारजा आल्यावर मम्मी बोलली. "सगळ्यांसमोर 'मी चुकलो' म्हणायची काय गरज होती? जोशीभावजींनी तोंडात घास दिला होता. वारा म्हणायचं, गप्प बसायचं."

"वारा नव्हता ना, फिलू."

"नव्हता तर नव्हता! व्हिसावर वारा लिहितात का?"

मी मागून म्हणाले, "इट वॉज नॉट विंडी, मम्मी. एव्हरीबडी कुड सी."

"तू गप बस. इंग्लिशमध्ये खरं बोलू नकोस." जोशीकाकांना हसू आवरेना, त्यांनी खोकल्यावर नेलं. मम्मी हसली नाही. तिने खिडकीकडे तोंड वळवलं. आज मला तिचा राग जास्त समजतो. चूक कबूल करण्याची किंमत त्या गाडीत फक्त तिनेच हिशेबात धरली होती.

रविवारी मॅडमनी पप्पांना बसायला सांगितलं, हे विशेष. काही पालकांनी मुलांना विषयातून काढायची मागणी केली होती. मॅडमनी सरळ विचारलं, "का चुकलं हे मुलांना सांगता येईल का? येत असेल तर टर्म संपायच्या आत होडी पाण्यात घाला. येत नसेल तर आत्ताच सांगा, मी विषय बंद करते." पप्पा 'येईल' म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी कबूल केलं, की येईल का ते त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मम्मी घराजवळच्या ड्रॅगन मार्टमधून सामान बांधायला रिकामे खोके घेऊन आली आणि ते पलंगाखाली सरकवले.

जोशीकाकांनी ऑफिसातून बंदराचं कोष्टक छापून आणलं. पप्पा ते घेऊन रोज संध्याकाळी बसत, चष्मा कपाळावर. कोष्टक वेळा सांगत होतं, कारण सांगत नव्हतं. म्हणून त्यांनी वर्गाला कामाला लावलं. देऱ्याला खाडी ओलांडणाऱ्या आब्रा होड्या लागतात तिथल्या धक्क्याच्या पायऱ्यांवर सकाळ-संध्याकाळ कोणीतरी उभं राहायचं आणि पाणी कुठवर चढलं ते बघायचं. मुलांना एकटं सोडता येत नव्हतं. पण त्या वर्षी नोकऱ्या गेलेल्या वडिलांकडे वेळच वेळ होता. इस्त्रीचा शर्ट घालून ते मुलांबरोबर पायऱ्यांवर येऊन बसत. फैझानचे वडील तर त्याची पाळी नसली तरी येत. एकदा मी आणि पप्पा गेलो, तेव्हा ते एकटेच तिथे होते, चहाचा कागदी कप हातात घेऊन पाण्याकडे बघत. पप्पांना पाहून उठले. "भाईसाब, देखिए," ते उत्साहाने म्हणाले, "सुबह वाला पानी अलग है, शाम वाला अलग. एक चढता है, दूसरा बीच में ही छोड़ देता है." बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना काही बघायला सांगितलं होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

तेच होतं. आखातात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. एक जोरकस, दुसरी लंगडी. फरक वसईलाही असतो, पण तिथे मुळात पाणी इतकं चढतं की त्या फरकाने होडी अडत नाही. इथे चढ थोडा, त्यामुळे तो फरकच सगळं ठरवतो. आम्ही लंगड्या भरतीच्या पुढ्यात होडी ठेवून बसलो होतो. शिवाय उम्म अल क्वैनच्या खाडीचं तोंड अरुंद, त्यामुळे बाहेर पाणी भरलं तरी आत पोचायला त्याला उशीर लागतो. पप्पांनी फळ्यावर चंद्र, सूर्य आणि पृथ्वी काढली, मग ती पुसून टाकली आणि मुलांनाच सांगायला लावलं. मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. तास संपल्यावर उठून गेल्या.

अमावास्येनंतरचा शनिवार ठरला, आणि वेळ सकाळची, जोरकस भरतीची. या वेळी बॅनर नव्हता. पालक थोडे, खुर्च्या त्याहून थोड्या. मम्मीने रजा काढली होती, पण ती होडीजवळ आली नाही. गाडीला टेकून, ओढणी डोक्यावरून घेऊन उभी राहिली. पप्पांनी या वेळी वाळूवर काही ओढलं नाही, वेळही जाहीर केली नाही. हात मागे बांधून ते पाण्याकडे बघत होते. पाणी आलं. आधी तिवरांची खुंटं बुडाली, मग वाळूवरच्या पावलांचे ठसे, मग ते होडीच्या नाकाखाली शिरलं आणि होडी किंचित हलली. आणखी थोड्या वेळाने तिचं बूड वाळूवरून सुटलं. मुलांनी आरडाओरडा केला. पप्पा मांडीभर पाण्यात जाऊन होडीची कड धरून उभे राहिले आणि म्हणाले, "फर्स्ट फोर!"

कोणी पुढे झालं नाही.

मुलांना पुढे यायचं होतं, पण प्रत्येकाच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. फैझान पाण्यात उतरला होता. त्याच्या आईने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. मागच्या वेळी छत्रीखालून बोललेल्या त्याच बाई म्हणाल्या, "पिछली बार पानी गलत था, इस बार नाव गलत निकली तो?" पप्पांनी ते ऐकलं. होडी त्यांच्या हाताखाली हलकेच वर-खाली होत होती, आणि त्यांचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा झाला. मी चपला काढल्या आणि निघाले.

"नॉट यू," मॅडमचा आवाज आला. मी थांबले. "तू त्यांची मुलगी आहेस. तू बसलीस तर त्यातून काही सिद्ध होत नाही."

त्यांनी चपला काढून वाळूवर नीट जोडीने ठेवल्या. साडीच्या निऱ्या एका हातात गोळा केल्या, पर्स माझ्याकडे दिली, छत्री मात्र दिली नाही. पाण्यातून चालत त्या होडीपर्यंत गेल्या. "कुठे धरू?" त्यांनी विचारलं. पप्पांनी दाखवलं. होडी एका अंगाला कलली, किनाऱ्यावर कुणीतरी 'अरे अरे' केलं. मॅडम मधल्या फळीवर बसल्या, होडी सावरली, आणि त्यांनी छत्री उघडली. "यल्ला, सर," त्या म्हणाल्या. त्यांनी पप्पांना 'सर' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पप्पांनी वल्ही घेतली. होडी तिवरांच्या पहिल्या बेटापर्यंत गेली, वळली, परत आली. मॅडम मधे एकदा वाकून तळाच्या शिवणीवर बोट फिरवताना दिसल्या आणि ते बोट त्यांनी चष्म्याजवळ नेऊन पाहिलं. कोरडं असावं. किनाऱ्याला लागल्यावर त्या लगेच उतरल्या नाहीत.

"यात किती मुलं बसतात?"

"चार, मॅडम."

"माझ्याकडे पुढच्या वर्षी अठ्ठावीस असतील," त्या म्हणाल्या. "अजून एक बांधा."

मग त्या उतरल्या, माझ्याकडून पर्स घेतली आणि ओल्या निऱ्या झटकत खुर्चीकडे गेल्या. फैझानच्या आईने त्याचा दंड सोडला होता. तो आणि आणखी तिघे धबाधबा पाणी उडवत होडीकडे धावले. मी उलट दिशेने धावले. मम्मी अजून गाडीला टेकून होती. तिथून तिला सगळं दिसलं होतं, ऐकू काही आलं नव्हतं.

"काय म्हणाली?"

"अजून एक होडी बांधा म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे राहायचं, मम्मी."

तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं आणि वळून गाडीच्या टपावर कपाळ टेकलं. टप उन्हाने तापायला लागला होता, तरी ती तशीच उभी राहिली.